चौथी फळी

चिलोए बेटावर, केम्चीच्या धक्क्यामागच्या शेडमध्ये
आम्ही सात पोरं एक होडी बांधत होतो.
माझ्या वाट्याला चौथ्या फळीची फट.
आलेर्से झाडाच्या सालीचा काथ्या
आत ठासायचा, लाकडी हातोडीनं, दमानं.
दोन वितींतच कंटाळलो.
उरलेल्या फटीवर नुसतं डांबर फासलं.
काळं, चकचकीत. माझंच काम सगळ्यांत देखणं.

ओर्तेन्सियाबाई बोटानं चाचपत आल्या,
चौथ्या फळीशी थांबल्या.
पुढे गेल्या.

भरतीला होडी लोटली.
पाणी आधी माझ्या अंगठ्याशी आलं, गार,
मग एल्बियाच्या लोकरी मोज्यांत.
कुणाची फळी, कुणी विचारलं नाही.
बाईंनी माझ्या हाती डबडं दिलं
आणि पाठमोऱ्या वल्ही मारत राहिल्या.

मी उपसतोय, उपसतोय,
किनारा काही जवळ येईना.
"माझी," म्हटलं. वाऱ्यानं नेलं.
पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"ठाऊक आहे. हात थांबवू नकोस."

सोमवारी डांबर खरवडत बसलो.
एल्बियानं न बोलता काथ्याचा पिळा पुढे सरकवला.
मोजे वाळले का,
विचारायचं राहूनच गेलं.