तिपाईचा तिसरा पाय

तिपाईचा तिसरा पाय खडीत ठरत नाही,
म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून बसलेय.
याचे दिवसाला चाळीस सोल मिळतात.
टोर्बेन काळ्या फडक्याखाली आहे,
नुसती पाठ दिसते त्याची, आणि बुटांच्या टाचा,
पेटीत शिरू पाहणारं एखादं मोठं जनावर.

"नाझारिया, हलू नकोस," तो आतून म्हणतो.
मी हलत नाही.
हलतो तो उजेड.

आधी पिवळा, मक्याच्या जुन्या कणसासारखा,
मग आउसांगातेच्या खांद्यावरून वर सरकत
खालचं एकेक विझवत जातो,
मेंढवाडा विझला, ओढा विझला,
आमच्या घराचा पत्रा विझला,
आता बर्फ तेवढं पेटलेलं.
त्या रंगाला टोर्बेनच्या भाषेत एक नाव आहे.
त्याने सांगितलं होतं, मी विसरले.
आमच्यात त्या रंगाचा अर्थ एवढाच:
आभाळ स्वच्छ आहे, रात्री हीव पडेल,
बटाटे पसरा.

आई खाली कुरणात एकटीच पोती ओतत असेल.
बटाट्याला बटाटा टेकू द्यायचा नाही,
टेकला की मधला ओला राहतो.
तीन रात्री गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं,
मग होतो चुन्यो: वजनाला पीस, टिकायला दगड.
आजोबांनी केलेला चुन्यो
माझ्या पहिल्या लग्नात शिजला होता.
चुन्यो टिकला.

मागच्या जूनला हीव धड आलंच नाही.
सात पोती काळी पडली, कुत्र्यानेही हुंगली नाहीत.

बाबा खेचर घेऊन वर आले आहेत, सामान न्यायला.
टोर्बेन आज खुशीत आहे, त्यांना म्हणतो, बघा, बघा.
बाबा टोपी काढतात, फडक्याखाली जातात
आणि बराच वेळ बाहेरच येत नाहीत.
खेचर माझ्या खांद्यावर श्वास सोडतं.

"उलटा टांगलाय," बाबा आतून म्हणतात,
"सोलायला मेंढरू टांगावं तसा."
मग बाहेर येऊन, बोटाने नाही, हनुवटीने
(डोंगराकडे बोट दाखवत नाहीत)
उतारावरचा काळा कातळ दाखवतात.
"तो याच्या पेटीत येत नाही.
मी खेचरं हाकायला लागलो
तेव्हा बर्फ तिथवर होतं. विचार त्याला,
तेवढी जागा का सोडली."

टोर्बेन माझ्याकडे पाहतो.
"बाबा म्हणतात, छान आहे," मी सांगते.

खट्.
एकदाच, आणि मग आणखी एकदा, खात्रीसाठी.
तेवढ्यात शिखर राखाडी होतं,
चुलीतल्या निखाऱ्यावर साय धरते तसं,
आणि टोर्बेन असा खाली बसतो
जणू तोच दिवसभर ते ओझं वर चढवत होता.

मी उतारावरून पळत सुटते. अंधार. गुडघा फुटतो.
आईने अर्धं कुरण पसरून टाकलंय,
मी दुसऱ्या टोकाने सुरू करते.
बटाटे हाताला गार लागतात, जमीन अजून नाही.

"किती लाल होतं वर?" आई अंधारातून विचारते.

किती, ते त्या पेटीत आहे.
दोन महिन्यांनी कोपनहेगनला धुतलं जाईल.
आम्हाला पहाटे कळेल.