ढील

चार वर्षं आणि हा पाचवा हिवाळा
ती जिन्याखाली उभी आहे, मधल्या स्टँडवर.
मी उतरताना कठडा धरते
आणि कठड्याकडेच बघते.

आज धुकं इतकं, की जीवाजीगंजच्या गल्लीत
समोरच्या घराचा नुसता बल्ब दिसतो.
चटई अंथरली. पान्यांचा डबा उघडला.
फोन स्पीकरवर टाकून सीटवर ठेवला.
पलीकडे डबऱ्याहून हरगोविंद कुशवाह,
भाच्याच्या लग्नात; मागे माइकवर कुणीतरी
हॅलो, हॅलो, एक दो तीन.

"पहले क्लच का लीवर देखो बहनजी. ढील कितनी है?"

ढील म्हणजे लिव्हरच्या टोकाची ती जागा
जिथे बोटं हलतात आणि गाडीत काहीच होत नाही.
दहा, फार तर पंधरा मिलिमीटर.
तेवढंही नसेल तर यंत्राला श्वास घेता येत नाही, म्हणतात.
मी दाबला. तो दाबलेलाच राहिला.
मग ऑपरेशननंतरची एक उरलेली सिरिंज शोधली,
केबलीच्या तोंडात थेंब थेंब तेल सोडलं,
आणि दर थेंबाला लिव्हर दाब, सोड, दाब, सोड,
फिजिओवाली मुलगी माझा घोटा करायची तसं.
अर्ध्या तासाने तो आपणहून परत आला.
खाली इंजिनावरचा दांडाही हलला.
केबल सुटली, गुन्हा दुसरीकडे.

"अब पहला गियर डालो."

पडेना.
"पैर से नहीं पड़ रहा, कि गाड़ी में ही नहीं पड़ रहा?"
त्याने सहज विचारलं.
हजीरा, मुरार, थाटीपूर, घरोघरचे मीटर वाचत
अकरा वर्षं जो पाय गियर टाकत आला,
त्यात आता एक प्लेट आहे आणि सहा स्क्रू.
पडावच्या पुलाचं मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.
मी गप्प. तिकडे माइक गप्प.
"हाथ से डाल के देखो ना."

खाली बसले. तळहाताने लिव्हर दाबला, जोर लावून.
तरी पडेना!

इतका आनंद मला
पगारवाढीच्या कागदाचाही झाला नव्हता.

"खड़ी गाड़ी में दाँत के सामने दाँत आ जाता है.
स्टँड से उतारो. आगे-पीछे हिलाओ, फिर दबाओ."
हलवली.
खट्.
म्हणजे गियरपेटी ठीक.
क्लच दाबून ढकलली तर मागचं चाक जागचं हलेना,
न्यूट्रलला आणली तर मांजरासारखी चालली.
"बस. प्लेटें चिपक गई हैं, और कुछ नहीं.
खोलना मत. गरम करो."

न्यूट्रलमध्येच, नवव्या किकला सुरू झाली.
उजवा पाय बिचारा कधी तक्रार करत नाही.
दहा मिनिटं धूर गल्लीत, धुरावर धुकं,
वरच्या खिडकीतून तांबेकाकूंचा खोकला, मग हाक:
"अगं सुनंदिनी, तूच का?"
मीच.

रात्री क्लच दाबून, जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून
हँडलला घट्ट बांधला.
वर जाऊन गरम पाण्याची पिशवी घोट्यावर ठेवली.
झोप लागली का, आठवत नाही.
एकदा वाटलं, खाली काहीतरी सुटलं.
उंदीर असेल.

सकाळी पुन्हा गरम केली, बंद केली.
तिसऱ्या गियरला, क्लच तसाच बांधलेला,
पुढे रेटली, मागे ओढली, पुढे, मागे.
स्वेटर काढला. पुन्हा पुढे.
आणि दमट डब्यातले पापड
एकमेकांपासून सुटतात तसा
अगदी छोटा आवाज.
चाक फिरलं.

फोन लावला. लग्न लागत होतं, त्याने उचलला नाही.

पट्टी सोडली. बसले.
डाव्या पायाची बोटं लिव्हरवर ठेवली, आणि
स्क्रू थंडीत दुखतात ते दुखले, आणि
पहिला पडला.
गल्लीच्या टोकाच्या चक्कीपर्यंत गेले,
माणसं चालतात त्या वेगाने.
दुसरा
उद्या बघू.