टण

आज माझं काम एवढंच : ऐकायचं.
शाळेच्या तिसरीच्या वर्गात पडदा,
पडद्यामागे तीन पिंपं, तीन रंगांची,
प्रत्येकाच्या टाळूवर एक नळी, नळीच्या तळाशी घंटा,
घंटेखाली वाळू, गोटी पडल्यावर पुन्हा खणखणू नये म्हणून.
माणूस आत जातो. टण. माणूस बाहेर येतो.
दोनदा वाजली तर चोरी.

गाम्बियात आम्ही मत असं देतो, काचेच्या गोटीनं.
ज्याला अक्षर येत नाही त्याला रंग येतो,
आणि गोटी तर कुणालाही येते.

सकाळपासून गावातल्या सायकलींच्या घंट्या मुक्या.
कालिलू पाववाल्याने आपली चिंधीत गुंडाळलीये,
दाढ दुखणाऱ्या पोरासारखी.

दोनशे एकावन्नावी, आरामाता जार्जू.
खारफुटीतून थेट आलेली, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला.
शिंपल्यांची अर्धी टोपली तिने शेवटच्या बाकाखाली सरकवली,
बोट शाईत बुडवलं, गोटी घेतली, आत गेली.

मी कान लावला.
बाहेर शेळी ओरडली. कुणीतरी खाकरलं.
टण नाही.

ती बाहेर आली, पण गेली नाही.
"गुरुजी, माझी वाजली नाही."
"वाळूत पडली असेल," मी म्हणालो.
"वाळू घंटेच्या खाली. घंटेला चुकवून कशी पडेल?"
या वर्गात चौतीस वर्षं शिकवतोय,
इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

रांग कुरकुरली. ऊन डोक्यावर आलेलं.
"एका गोटीनं काय अडतंय, मावशी?
ओंजळभर पाणी काढलं तर नदी विचारते का?"
ती वळली.
"नदी नाही विचारत. मी विचारतेय.
पहाटेची ओहोटी अर्ध्यावर टाकून आलेय,
अर्धी टोपली मोजून ही गोटी घेतलीये मी."

मला उठता येत नव्हतं.
पडद्यामागे गेलो असतो तर कुठल्या रंगाच्या गळ्यात
ती अडकलीये, ते कळलं असतं,
आणि ते कळू नये म्हणूनच तर पडदा.
पक्षांचे तिघे एजंट एकमेकांची तोंडं बघत राहिले.
तिने तळवे पुढे केले :
रिकामे. शिंपल्यांच्या कडांनी चिरलेले, व्रणांवर व्रण,
दुसरी गोटी लपायला त्यांत जागा नव्हती.

"जा," म्हणालो, "नळीवर थाप मार."

थाप.
थाप.
रांग गप्प झालेली.
मग तिने पिंपाला जोला भाषेत काहीतरी सुनावलं,
हट्टी गाढवाला सुनावतात तसलं,
आणि तिसरी थाप

टण.

जन्मभर हजेरी घेत आलो.
पोरं "हजर" म्हणतात घशात, नाकात, खिडकीबाहेर बघत.
असं धातूचं "हजर" पहिल्यांदा ऐकलं.

रात्री बॅटरीच्या उजेडात पिंपं उलटली.
दोनशे खळग्यांचे लाकडी ट्रे, खळग्यात गोटी, गोटीशेजारी गोटी.
नावं चारशे सतरा. गोट्या चारशे सतरा.
तिच्या एका मतानं काही पालटलं? नाही.
जिंकणारा चांगला नव्वदने पुढे होता,
ती त्याच्या बाजूची की विरुद्ध, देव जाणे.
गवंड्याची गोटी, मुखियाच्या बायकोची गोटी,
बोटाने ढकलली की सगळ्या सारख्याच गडगडत होत्या.

कागदावर मी चारशे सतरा लिहिलं आणि पेन तसंच धरून बसलो.
चारशे सोळाही लिहून झालं असतं.
सही हीच, शिक्का हाच. "वाळूत पडली असेल"
असं मीच म्हणालो होतो की दुपारी, किती सहज.
चोरी नेहमी दोनदाच वाजते असं नाही.
कधी कधी ती मुळीच वाजत नाही.

बाहेर कालिलूने चिंधी सोडली,
अंधारात उगाचच दोन-तीनदा घंटी वाजवली.
मी वर्गाला कुलूप लावलं.
बाकाखाली टोपलीचा ओला डाग अजून होता.
उद्या पोरं विचारतील,
गुरुजी, वर्गात खाडीचा वास कसा आला?