जोतं तीन ठोकळे उंच

कॉम्प्युटर एक, खेळणारे दोघं.
आठ ते नऊ धैर्यशील, नऊ ते दहा मी,
आणि मध्ये आईच्या कुकरच्या शिट्ट्या.

त्याच्या खेळात सगळं आधीच ठरलेलं.
गुहेच्या तोंडाशी म्हातारा,
म्हाताऱ्याकडे अर्धा नकाशा,
उरलेला अर्धा कुठल्याशा श्वापदाच्या पोटात.
कोपऱ्यात पिवळा बाण म्हणतो, जा.
धैर्या जातो.
पूल तुटतो तोही बरोब्बर
तो पलीकडे पोचल्यावर.

माझ्या खेळात कुणी काही सांगत नाही.
डोळे उघडले की गवत. एक झाड.
एक मेंढी, तीही आपल्याच नादात.
पहिल्या दिवशी झाड तोडलं, रात्री खड्ड्यात लपले,
दुसऱ्या दिवशी चार भिंती.
मग वर्षभर तेच: भिंत, भिंतीला खिडकी,
आणि खिडकीतून काही दिसावं म्हणून
लांब तिकडे अजून एक घर.

"ह्यात गोष्ट कुठाय गं?"
भडंगाचा बकाणा भरून धैर्या विचारायचा.
"दगड फोड, दगड रच. गवंडीकाम नुसतं.
पैसे तरी देतात का?"
मी म्हणायची, आणि तुझ्यात तू कुठायस?
बाण नसला तर मारुती चौकात चुकशील.

पण एक त्यानंच ओळखलं.
"ताई, तुझी सगळी घरं उंच का?
जोतं तीन-तीन ठोकळे.
इथली नदी चढत नाही गं, रंगवलेली आहे."

मी मोजलं.
पाच घरं, गोठा, एक वाचनालय, सगळ्यांना जोतं.
धान्याच्या पेट्या माळ्यावर.
मेंढीलासुद्धा जिना.

आमच्या खोलीत कपाटामागे
छातीइतक्या उंचीवर मातकट रेघ आहे.
रंग दोनदा दिला.
ती वर येतेच.

पाणी गावभागात शिरलं तेव्हा धैर्या अठराचा.
कुणाच्या तरी गुऱ्हाळाची काहिल,
तिच्यात बसून तो गल्ली वल्हवत निघाला.
मुल्लाणी चाची, त्यांचं शिलाई मशीन, एक शेळी,
शेळी सारखी उठून उभी राहत होती.
तीन फेऱ्या. चौथीला दोर तुटला,
त्याबद्दल तो बोलत नाही.
नंतर टॉवेलनं कान पुसताना मी विचारलं,
बाण दिसला का कुठं?
"बाण कसला.
मधे कुठं सेव्हसुद्धा करता येईना."

आठ दिवस त्यानं काही खेळलं नाही.
मग तोच खेळ, पुन्हा पहिल्यापासून.
"हे बरंय," म्हणाला,
"पूल कधी तुटणार ते ठाऊक असतं."

मला काय आवडतं विचाराल, तर अजूनही माझंच.
गोष्टी घरात पुरेशा झाल्यात.
नाही म्हणायला त्याचा खेळ मीही एकदा लावला.
म्हाताऱ्याशेजारी बसून राहिले, बाण लुकलुकत होता.
ह्या माणसाला निदान एक छप्पर तरी,
असं वाटलं,
पण तिथं दगड उचलताच येत नाही.

आता धैर्या कुपवाडला लेथवर, रात्रपाळी.
मी इथं, दुसऱ्या मजल्यावर. भाडं जास्त, पण दुसरा मजला.
परवा त्यानं माझ्या जगाचा पासवर्ड मागितला.
तासभर कुणी तरी तिथं नुसतंच भटकत होतं,
पायऱ्या चढून उतरून,
म्हातारा शोधत असेल.

सकाळी पाहिलं,
सगळ्यात खालच्या घराच्या पायरीशी
काळ्या कोळशाच्या ठोकळ्यांची काहिल.
वेडीवाकडी. एका बाजूनं उघडीच.
ठोकळ्यांतून गोल करता येत नाही,
ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोर मात्र दोन ठिकाणी बांधलेला.

मी ती नीट केली नाही.
रंगवलेल्या नदीकाठी
असू दिली.