सातवं कपाट

औलूमध्ये जानेवारीतला सूर्य
हजेरीपुस्तकात सही करून सटकणाऱ्या कारकुनासारखा,
आला म्हणेपर्यंत गेलेला.
आणि मी काम करतो त्या खोलीला तर खिडकीच नाही.
यंत्रांच्या रांगा, घोंघावणारा गार वारा,
कागदावर आजचं काम:
सातवं कपाट. रात्री अकराला बंद.

सातव्या कपाटात एक तळं आहे.
'बर्फतळं', भाग दुसरा.
सतरा वर्षांपूर्वी ह्याच्यासाठी लोक
दुकानाबाहेर पहाटे चारपासून रांगेत होते. मीही होतो,
नाकाचा शेंडा बधिर,
खिशात बहिणीचे उसने पैसे.
पहिल्या भागाचं पुढे काय झालं,
हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तिसरा भाग आता आलाय.
त्यातलं पाणी बघून हात पुसावासा वाटतो.
खवला न् खवला वेगळा चमकतो.
फक्त मासे पकडायचा लाकडी धक्का काढून टाकलाय.
बैठकीत आकडे दाखवले कुणीतरी:
तिथे कोणी जात नाही.
कोणी नाही म्हणजे
रोजची तीन-चार माणसं.

तसं गळा काढण्यासारखं काही नाही.
आमचं पाणी म्हणजे आठ निळे चौकोन,
तेच ते, पुन्हा तेच.
झाडं पुठ्ठ्याची, मागे गेलं की नाहीतच.
बदकाचे पाय काढायला कुणाला सवड झाली नाही,
म्हणून ते बिचारं
सतरा वर्षं पाण्याबाहेर आलेलं नाही.

पावणेअकराला यादी उघडली.
एकच नाव. तुओवी४४.
चव्वेचाळीस हे जन्मसाल असावं.
धक्क्यावर बसलेली, गळ पाण्यात.
नियमाप्रमाणे सूचना पाठवली:
सेवा पंधरा मिनिटांत बंद होत आहे,
आपल्या सहभागाबद्दल आभार, भाग तिसऱ्यात भेटूच.
उत्तर आलं: माहीत आहे.
मग अकराला दोन मिनिटं असताना:
मासा लागलाय. जरा थांबा.

थांबलो.
अकरा. अकरा-चार.
किती वेळचा लागलाय, विचारलं.
मंगळवारपासून, म्हणाली.

तो मासा मला माहीत आहे.
धक्क्याखाली, डाव्या खांबापाशी.
कुणीतरी त्याच्या वजनात
एक शून्य जास्त लिहून ठेवलं होतं, घाईत, शुक्रवारी वगैरे.
मी आणि साकारीनं एकदा त्याला रात्रभर ओढला,
अंगठ्यांना फोड आले,
सकाळी साकारीच्या आईनं वायरच उपटली.
साकारी हल्ली नॉर्वेत छपरं घालतो.
फोन नाही, काही नाही. भांडणही नाही.

'आजी, तो दोष आहे, तो येणार नाही'
असं लिहिलं,
आणि पुसलं.

किल्ल्या तर माझ्याकडेच होत्या.
आत गेलो. वजनाची ओळ शोधली.
एक शून्य खोडलं.
ह्या कामाचा मला अधिकार नाही.

पाणी हललं. म्हणजे आठातले दोन चौकोन हलले.
आणि वर आला तो
करड्या रंगाचा नुसता एक ठोकळा.
ना डोळे, ना शेपूट.
तो कधी वर येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं,
तर काढणार कोण.

बराच वेळ काही नाही.
मग तिनं लिहिलं: चौकोनी आहे.
मग लिहिलं: सोडते परत, लहान दिसतोय.

ठोकळा पाण्यात गेला.
तिनं गळ गुंडाळला,
धक्क्यावरून चालत काठापर्यंत आली,
आणि माझी वाट न पाहता
स्वतःच बाहेर पडली.

मी कळ ओढली.
सातव्या कपाटाचा पंखा अजून थोडा वेळ फिरत राहिला,
सवयीनं.

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना आठवलं,
नोंदवहीत अकरा-सतरा लिहून आलोय.
विलंबाचं कारण, ह्या रकान्यात:
मासा.