तेरावा महिना

देस्सेच्या सरकारी इस्पितळात, तळमजल्यावर,
पूर्वी चादरी ठेवायचे त्या खोलीत
तिर्सित बसलीय स्वेटरवर स्वेटर चढवून.
जुना डेटाबेस नव्यात हलवायचाय.
एका रात्रीत, असं साहेब म्हणाले आणि घरी गेले.

जुना कुणालाच नाही म्हणत नसे.
तारीख म्हणून जे द्याल ते गिळायचा:
तिरप्या रेघांची, टिंबांची, आडव्या रेघांची,
एकदा तर नुसतंच, मेस्केलच्या सणानंतर दोन दिवसांनी.
नवा शिस्तीचा.
वर्ष, महिना, दिवस, याच क्रमानं,
नाहीतर उंबऱ्यावरूनच परत.

दोनशे तेरा ओळी परत आल्या.
त्यांचं तिला काही वाटलं नाही,
नाकारलेलं निदान ओरडतं तरी.
धास्ती होती मुकाट आत शिरलेल्यांची.

ही बघा: ०६/१३/२००३.
नव्यानं वाचली, तेरा जून, ठीक, पुढे.
आणि फानाये नावाची चौदा वर्षांची मुलगी
एकदम बावीसची झाली,
झोपेत, कुठल्याशा टेकडीवर, गणिताची वही उशाशी.
सर्व्हर म्हणे पहाटेचे पावणेपाच.
इथली माणसं म्हणतात रात्रीचे पावणेअकरा.

जून नव्हताच तो.
इथल्या वर्षाला महिने तेरा.
बारा तीस-तीस दिवसांचे, मग शेपटाला पाग्मे,
पाच दिवसांचा, चौथ्या वर्षी सहा.
आपल्या म्हणीत तेरावा दुष्काळात येतो.
इथं तो पाऊस सरता सरता येतो,
पोरं उघडी भिजतात, माळावर पिवळी फुलं फुटतात.
पगारदार मात्र आपल्यासारखंच तोंड करतात:
पगार बाराच महिन्यांचा.

फानाये पाग्मेच्या सहाव्या दिवसाची.
वाढदिवस चार वर्षांतून एकदा,
तोही यंत्रानं खाल्ला.

तिर्सितनं फोन लावला आस्कालेचला.
एकतीस वर्षं नोंदणीच्या टेबलाशी, आता निवृत्त.
पलीकडे कोंबडा, खोकला, मग आवाज:
"तिरपी रेघ? ती माझी.
दिवस आधी, महिना मग, सन आपला.
टिंबं असली तर वुबशेत. त्याचा सन फिरंग्यांचा,
त्याला परदेशी जायचं होतं ना. गेला नाही.
आडवी रेघ म्हणजे ती दोन वर्षं,
मदतवाल्यांनी संगणक दिले
आणि महिना आधी लिहायला लावला, तेव्हाची.
पण त्यातही गुरुवारी मी तिरपीच मारायचे."
"गुरुवारी का?"
"गुरुवारी ते तपासायला येत नसत."

कागद कधीच रद्दीत गेलेले,
आणि तरी अक्षरं ओळखणारी बाई शिल्लक.

उजाडेपर्यंत तीन नियम लिहून झाले, गुरुवारचा चौथा.
फानाये पुन्हा चौदाची.
शेजारी तिर्सितनं एक जादा रकाना जोडला:
जसं लिहिलं होतं तसं.
साहेब विचारतील, जागा का वाया घालवली.

एक ओळ उरली. ००/००/००००.
आईचं नाव, बाळाचं वजन दोन किलो शंभर,
बाकी काही नाही.
आस्कालेच बराच वेळ गप्प.
"ती बाई अंधारातच निघून गेली, बाळ घेऊन.
तारीख घालू का विचारलं, तर म्हणाली, नको."
"मग शून्यं?"
"तेव्हा काहीतरी भरावंच लागायचं, पोरी."

नव्यात रिकामं ठेवता येतं.
तिर्सितनं शून्यं पुसली, आठच्या आठ,
एकेक करून,
एका झटक्यात पुसता आली असती तरी.

सर्व्हरवर सहा छप्पन्न.
भिंतीवर बारा छप्पन्न, दिवसाचा पहिला तास सरायचाय.
दोन्ही घड्याळं बरोबर चालताहेत.
ती खोलीला कुलूप लावते,
जिन्याखाली कुणीतरी कॉफी भाजतंय,
आणि रखवालदार रजिस्टर पुढे सरकवतो:
"सही करा, मॅडम. तारीख घाला."