जर्मल

आमच्या घरात ह्या धातूचं नाव शिवीसारखं घेत.
जर्मल.
वजनाला हलकं, आवाज बद्द,
चिंचेचं सार ठेवलं तर काळं पडणारं.
बाबा त्याला हात लावत नसत.
म्हणायचे, ह्याला कल्हई लागत नाही,
म्हणजे ह्याला माणूस लागत नाही.
आणि नवसागराच्या पांढऱ्या धुरात
पितळी पातेलं गरगर फिरवत राहायचे,
कथलाचा थेंब कापसानं पसरत,
जोवर गिऱ्हाइकं येत होती तोवर.

मी सोहारला. लाइन दोन, रात्रपाळी.
भट्ट्या एका रांगेत इतक्या
की शेडचं दुसरं टोक धुरकट दिसतं.
पांढरी पूड जहाजातून येते,
तांदळाच्या पिठीसारखी बारीक.
तिच्यात धातू आहे
हे सांगूनही पटत नाही.
ऑक्सिजननं त्याला असं मिठीत धरलंय
की नुसत्या आगीला तो जुमानत नाही.
म्हणून नऊशे साठ अंशांच्या वितळलेल्या क्षारात
आधी पूड विरघळवायची,
लाखांनी अँपिअर सोडायचे,
वरून कार्बनचे ठोकळे बुडवायचे.
ऑक्सिजन कार्बनला बिलगतो,
दोघं वायू होऊन निघून जातात.
धातू तळाशी एकटा साचतो.
ठोकळे झिजतात, तीन-चार आठवड्यांत संपतात.
ते बदलणं हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात लग्नातलं घड्याळ बंद पडलं.
तीन बावीस.
एवढ्या विजेभोवती चुंबकत्व असतं,
खिशातल्या किल्ल्या
कुणी हाक मारल्यासारख्या उभ्या राहतात.
खमीस अल बलूशी हसला,
सांगायचं राहिलं म्हणाला, कामगारांच्या हिंदीत.
मग सतराव्या भट्टीचा दिवा लागला.
दिवा लागला म्हणजे भट्टी उपाशी, पूड कमी पडली.
धावलो.

शुक्रवारी त्यानं मला डोंगरात नेलं.
बोडके, तपकिरी, एक झाड नाही.
पायाखाली काळी मळी, ढिगांनी, काचेसारखी,
हजार वर्षांपूर्वी कुणी तांबं गाळलं त्याची.
झाडं कुठे गेली विचारलं.
खमीसनं ढिगाकडे हनुवटी केली.
एक तुकडा उचलला. आकाराच्या मानानं जड.
खोलीच्या खिडकीत तो आहे, घड्याळाशेजारी.
खिडकीचे गज लोखंडी, समुद्राच्या वाऱ्यानं सोलले गेलेत,
चौकट मात्र आमच्या धातूची, शाबूत.
तोही गंजतो खरं तर,
पण हवा लागताच स्वतःवर साय धरतो,
आणि तीच त्याची कातडी होते.
चिंच ती साय खाते.
हे मला इथे येऊन कळलं,
आईला आधीपासून माहीत होतं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं.
दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली,
माझ्या पैशांवर घराला स्लॅब पडला,
जर्मलच्या पैशांवर, हे दोघंही बोललो नाही.
त्यांनी विचारलं, कोळसा कुठला वापरता?
म्हटलं, आच विजेची, बाबा.
मग भाता कोण मारतं?
मी गॅसवरच्या टर्बाइनबद्दल काहीबाही सांगू लागलो.
त्यांनी मध्येच थांबवलं.
ते निवताना आवाज करतं का?

दुसऱ्या रात्री साच्यांच्या पट्ट्यापाशी
नियम मोडून कानातले बोळे काढले.
पंख्यांची घरघर, क्रेनची घंटा,
आणि खूप वेळानं, चंदेरी विटांच्या रांगेतून,
टिक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा.
फोन फाटकावरच्या कपाटात कुलूपबंद होता.
सकाळी सांगू म्हटलं, झोप लागली,
नंतर आठवडा तसाच गेला.
सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते.
म्हणाले, कसला आवाज?